दहापट काका

सोनं घ्यायला घरचं कोणीही चालतं, हिरा घ्यायला मात्र एक जाणता लागतो. असा जाणता प्रत्येक गोतावळ्यात असतोच. तो स्वतः कधी काही विकत घेत नाही. लग्न ठरलं की आधी आचारी, मग मांडववाला आणि मग हा, अशी त्याची आठवण निघते. सतवासात आणि तिथून कन्नौद-खातेगावपर्यंत पसरलेल्या आमच्या मोजक्या मराठी घरांत हे पद काकांकडे आहे. ते नेमके कोणाचे काका, हे आता कोणी विचारत नाही. त्यांच्या खिशात वस्तू दहापट मोठी दाखवणारी आयग्लास असते म्हणून पोरांनी त्यांना ‘दहापट काका’ नाव ठेवलं. कानावर गेल्यावर काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की धंद्यात ‘टेन-एक्स’ म्हणतात, तुम्हीही तसंच म्हणा.

काकांची सारी नोकरी पुनासाला, नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाच्या कामावर गेली. काम काँक्रीट तपासण्याचं. पंधरा सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे ओतायचे, पाण्यात बुडवून ठेवायचे, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी काढून यंत्रात दाबायचे आणि किती भाराला फुटला ते वहीत लिहायचं. वस्तू चांगली आहे यावर तिच्याकडे बघून विश्वास ठेवायचा नसतो, ही शिकवण त्यांनी तिथून घेतली आणि निवृत्तीच्या दिवशी कार्यालयात जमा करायची विसरले. शिक्कामोर्तबाचा सगळा थाटही बरोबर घरी आला. गवार घेतानासुद्धा ते एक शेंग मोडून, कान लावून आवाज ऐकतात.

काँक्रीटवरून हिऱ्यावर ते कसे आले याचा उगम पन्नाला आहे. निवृत्तीनंतर एका मित्राने त्यांना तिकडे नेलं. पन्नात वर्षाला दोनशे रुपये भरले की सरकार तुम्हाला आठ मीटर बाय आठ मीटर जमिनीचा पट्टा देतं. माती काढायची, खाली हिऱ्याची ‘चाल’ लागली की ती धुवायची, वाळवायची आणि हाताने वेचायची. हिरा सापडलाच तर तो सरकारी हिरा कार्यालयात जमा करायचा; तिथे लिलाव होतो आणि रॉयल्टी वगैरे कापून उरलेले पैसे तुमचे. मित्राने पट्टा घेतला. काकांनी मित्राच्या पट्ट्याचं मोजमाप घेतलं, तो एका बाजूने चार बोटं कमी भरतो हे सिद्ध केलं आणि मित्राशी भांडण करून परत आले. येताना पोटाचा विकार आणि आयग्लास, अशा दोन वस्तू घेऊन आले. पोट महिन्याभरात ताळ्यावर आलं.

त्यानंतर त्यांनी अभ्यास केला, आणि हे मान्य करायला हवं की तो कच्चा नाही. कॅरट म्हणजे एक पंचमांश ग्रॅम आणि कॅरटचे शंभर सेंट, हे ते तुम्हाला झोपेतून उठवून विचारतील. हिऱ्याच्या रंगाची प्रतवारी इंग्रजी ‘डी’पासून का सुरू होते, याची त्यांना आमच्या जेवणाहून जास्त चिंता असते. पंगतीत वांग्याची भाजी पुढे येते न येते तोच ते विचारतात, ‘‘ए, बी, सी कुठे गेले?’’ मग स्वतःच सांगतात, की जुन्या काळी जो-तो व्यापारी आपल्या मालाला ए, डबल ए, ट्रिपल ए म्हणायचा, म्हणून अमेरिकेतल्या जीआयए संस्थेने १९५०च्या दशकात ती अक्षरंच टाकून दिली आणि कोऱ्या पाटीवर ‘डी’ लिहिलं. डी, ई, एफ म्हणजे बिनरंगी. जी ते जे जवळपास बिनरंगी. के पासून पुढे पिवळेपणाची झाक. झेडला पोचेपर्यंत भाजी गार झालेली असते.

इतिहास हे त्यांचं दुसरं अंग. कन्नौद-नेमावरचा हा मुलूख होळकरांचा. १९१३ साली तुकोजीराव होळकरांनी पॅरिसच्या शोमे पेढीकडून नासपतीच्या आकाराचे दोन हिरे घेतले, एक ४६.९५ कॅरटचा आणि दुसरा ४६.७० कॅरटचा. जगात ते ‘इंदौर पेअर्स’ म्हणून ओळखले जातात. पुढे यशवंतराव होळकरांचं एका फ्रेंच चित्रकाराने काढलेलं चित्र गाजलं, त्यात ते त्यांच्या गळ्यात दिसतात. आता काकांच्या पणजोबांची सतवासजवळ थोडी जमीन होती आणि तिचा सारा होळकर दरबारात जात होता. पणजोबांचा सारा भागिले संस्थानचा वसूल गुणिले ९३.६५, असं गणित मांडून त्या जोडीत आपल्या घराण्याचा किती हिस्सा आहे हे काकांनी काढून ठेवलं आहे. उत्तर एका सेंटच्या कितव्यातरी भागात येतं. पण आकडा लहान आहे म्हणून हक्क सोडायचा का, असं त्यांचं म्हणणं.

हे हिरे १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने घेतले आणि थोडे घासून पैलू सुधारले. काकांच्या मते ही दुसरी आगळीक. पहिली १९४० मधली. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला, नंतर पेशव्यांकडे गेलेला आणि १८१८ साली मराठी राज्याबरोबर इंग्रजांच्या हाती पडलेला नाशिकचा हिरा फिरत फिरत याच माणसाकडे आला, आणि त्यानेही तो घासून ४३.३८ कॅरटवर आणला. ‘‘दोन्ही प्रकरणांत इसम एकच,’’ असं काका पोलीस पंचनाम्याच्या आवाजात सांगतात. विन्स्टन वारून पंचेचाळीस वर्षांच्या वर होऊन गेली, हे त्यांना मी एकदा सांगून पाहिलं. ‘‘म्हणून काय झालं,’’ म्हणाले, ‘‘वजन परत येणारे का?’’

या माणसाच्या घरात मात्र एक जागा अशी आहे जिथे आयग्लास चालत नाही, आणि ती म्हणजे काकूंचे कान. काकूंच्या कानांत सासूबाईंनी दिलेल्या हिऱ्याच्या कुड्या आहेत. एकेका कुडीत सात खडे, मधे एक आणि भोवती सहा, सगळे जुन्या पद्धतीने बंद कोंदणात बसवलेले. बंद कोंदणात खड्याच्या खाली बेगड घालायचे. निम्मं तेज खड्याचं आणि निम्मं त्या बेगडीचं, म्हणून अशा दागिन्याची पारख अवघड. काका हे जाणून आहेत आणि म्हणूनच त्यांचा जीव त्या कुड्यांत अडकला आहे. लग्नाला चाळीस वर्षं उलटली तरी काकूंनी त्या त्यांच्या हातात दिलेल्या नाहीत. ‘‘अगं, नुसतं बघतो,’’ म्हणून ते जवळ सरकले की काकू पदर कानावरून घेतात आणि म्हणतात, ‘‘अहो, दूध उतू जातंय, तिकडे बघा.’’

एकदा त्यांनी शास्त्राच्या वाटेने प्रयत्न केला. वराहमिहिर आपल्या उज्जैनचा, त्याने ‘बृहत्संहिते’त हिऱ्याची लक्षणं दिली आहेत, त्यांत चांगला हिरा पाण्यावर तरंगतो असंही एक लक्षण आहे. तेव्हा कुड्या बादलीत टाकून बघू, असा प्रस्ताव त्यांनी जेवताना मांडला. काकूंनी विचारलं, ‘‘तरंगतो का खरंच?’’ काका खोटं बोलू शकत नाहीत, हा त्यांचा मोठाच अवगुण. ‘‘नाही,’’ ते म्हणाले, ‘‘हिरा पाण्याच्या साडेतीनपट जड. वराहमिहिर थोर माणूस, पण इथे चुकला.’’ प्रस्ताव तिथेच बुडाला.

घरी उपासमार असली तरी बाहेर त्यांना सराफा आहे. सराफा म्हणजे इंदूरचा. सतवासहून कन्नौद, चापडा, डबल चौकी करत गाडी इंदूरला पोचते. तेवढ्या वेळात गाडीतल्या लोकांना हिऱ्याचे चार ‘सी’ तोंडपाठ होतात, दोघांना गाडी लागते. आत्याच्या मुलीच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायला आम्ही गेलो त्या दिवशीचं सांगतो. आत्या, आतोबा, ताई, मी आणि काका. काकूही आल्या होत्या. त्यांना खजुरी बाजारातून वाती घ्यायच्या होत्या.

शेठजींनी मखमलीच्या ट्रेवर अंगठ्या मांडल्या. वरून पन्नास बारीक दिव्यांचा मारा. सगळं लखलखत होतं. ताईला पहिलीच अंगठी आवडली, मधे तीस सेंटचा एक हिरा आणि बाजूने बारीक खडे. आतोबांनी पाकीट काढलंसुद्धा. काकांनी त्यांचा हात धरला.

‘‘या उजेडात काचसुद्धा चमकेल,’’ ते म्हणाले आणि अंगठी घेऊन ओटल्यावर गेले. हे अगदी बरोबर होतं. दुकानातले दिवे चमक दाखवण्यासाठीच लावलेले असतात, हिरा बघायचा तो सावलीतल्या दिवसाच्या उजेडात. शेठजींनी मागून एक पोरगा, एक स्टूल आणि एक चहा पाठवला. पोरगा अंगठीवर नजर ठेवायला होता; काकांना वाटलं शिकायला आलाय. त्याला त्यांनी अंगठीवर फुंकर मारून दाखवली. ‘‘वाफ बघ. खऱ्या हिऱ्यावरून लगेच उडते, काचेवर रेंगाळते. पण मॉयसनाइट म्हणून एक खडा निघालाय, तो फसवतो. दुकानातलं ते टूं-टूं वाजणारं पेनही त्याला हिरा समजतं. त्याच्यात तिरकं बघितलं की पलीकडचे पैलू दुहेरी दिसतात.’’ पोरग्याने मान डोलावली. तो बंगालचा होता आणि त्याला मराठी येत नव्हतं.

मग काकांनी खिशातून पांढरा कागद काढला, त्याची पन्हळ केली आणि अंगठी त्यात उलटी धरली. रंग बघायचा तर खडा पालथा घालून बाजूने बघतात. पण सोन्यात बसवलेल्या खड्यात सोन्याचा पिवळेपणा उतरतो, त्यामुळे रंगाची नक्की प्रत सुट्या खड्याचीच ठरते. हेही बरोबर. काका आत आले आणि शेठजींना म्हणाले, ‘‘हीरा निकालके दिखाओ.’’

‘‘काकासाहब,’’ शेठजी हात जोडून म्हणाले, ‘‘हीरा निकाल दिया तो अंगूठी कहाँ रही?’’

यावर अर्धा तास गेला. मग प्रमाणपत्र आलं. त्यावरचा नंबर हिऱ्याच्या गर्डलवर, म्हणजे कमरेच्या बारीक पट्टीवर, लेझरने कोरलेला असतो. तो दहापटीतही मुंगीच्या पायाएवढाच दिसतो. तो जुळवून बघण्यात आणखी वेळ गेला, कारण काका एकेक आकडा मोठ्याने म्हणत होते आणि आतोबांनी तो कागदावर टिकमार्क करायचा होता. नंबर जुळला. आता निर्मळपणा. प्रमाणपत्रावर होतं व्हीएस-वन. काका म्हणाले, व्हीएस-टू.

हा वाद ज्यांनी ऐकलेला नाही त्यांना त्याची खोली सांगता येणार नाही. व्हीएस-वन असो की टू, नुसत्या डोळ्याला दोन्हीत काही दिसत नाही. दहापटीत बघितलं तर कुठेतरी एक टिंब, एक पिसासारखी रेघ. ती मधे आहे की कडेला, ठळक आहे की पुसट, यावर तज्ज्ञ प्रत ठरवतो, आणि दोन प्रयोगशाळांची मतंही कधी कधी एका पायरीने इकडेतिकडे होतात. काकांना पीस मधे दिसत होतं, शेठजींना कडेला. दोघे आळीपाळीने आयग्लास डोळ्याला लावत होते. ताई बाकावर झोपली. आत्याने काचेच्या कपाटातल्या नथीवरून चार वेळा नजर फिरवली. बाहेर अंधार पडला, शेजारची शटर्स उतरली, आणि सराफ्याचा दुसरा जन्म सुरू झाला. ज्यांनी ती आळी रात्री बघितली आहे त्यांना माहीत आहे: दिवसा जिथे सोनं तोलतात तिथेच ओटल्यांवर रात्री कढया चढतात. गराडू तळायला लागले, भुट्ट्याच्या किसाचा वास आला, आणि आमच्या दुकानाच्या ओटल्याचा हक्कदार गराडूवाला आत डोकावून म्हणाला, ‘‘भिया, कित्ती टेम और?’’

त्या वासाने आतोबा हरले. ‘‘बांधा,’’ ते म्हणाले. शेठजींनी ‘काकासाहब की बात रखके’ दोन हजार रुपये कमी केले. काकांनी आमच्याकडे पानिपत परत जिंकल्यासारखं बघितलं.

बिल मी गाडीत वाचलं. घडणावळ अठरा टक्के लावली होती, आणि तिच्याबद्दल कोणी ब्र काढला नव्हता. ती निम्म्यावर आली असती तर दोन हजारांच्या चौपट वाचले असते. बारीक खड्यांचं वजन सोन्यातून वजा केलंय का, हेही बघायचं राहिलं होतं. पाच कॅरट खडे म्हणजे एक ग्रॅम, आणि ते सोन्याच्या भावात तोलले गेले तर गिऱ्हाइकाच्या लक्षातही येत नाही. सुदैवाने बिलावर एकूण आणि निव्वळ अशी दोन्ही वजनं वेगळी लिहिलेली होती. हॉलमार्क होता, ७५० म्हणजे अठरा कॅरटचा, आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडीही. पण हॉलमार्क सोन्याची साक्ष देतो, हिऱ्याबद्दल त्याला काही म्हणायचं नसतं. उद्या अंगठी परत द्यायची झाली तर हिऱ्याचे किती कापणार, हे बिलावर लिहून घ्यायला हवं होतं. ते कोणी मागितलं नाही, कारण सगळ्यांना गराडू खायचे होते. जिथे पैसा जातो ती दारं उघडी आणि जिथे उंदीरही शिरत नाही त्या खिडकीवर काका भाला घेऊन उभे, असा तो प्रकार. त्यांची विद्या चुकीची नाही. ती ज्या जागी पडते तिथे खड्डा नसतो.

शेठजी हे पुरते ओळखून आहेत. निघताना ते आतोबांच्या कानात म्हणाले, ‘‘अगली शादी में भी काकासाहब को साथ लाना.’’ दर दिवाळीला त्यांच्याकडून काकांना मिठाईचा डबा येतो. काका तो आपल्या पारखीचा मान समजतात. काकू डब्यातली मावाबाटी मोजून वाटतात आणि काही बोलत नाहीत.

मधे एक काळ असा आला की सतवासावर विचित्र संकट कोसळलं. हिरे पिवळे पडू लागले. पूर्वी ज्यांना काकांनी ‘जी’ दिला होता ते खडे ‘जे’वर घसरले, मग ‘के’वर. प्रत्येक हिऱ्यात ढग दिसू लागला. क्लाउड म्हणून हिऱ्यातला एक दोष असतो, बारीक टिंबांचा धुरकट पुंजका. तो काकांना आत्याच्या अंगठीत दिसला, डॉक्टरीणबाईंच्या लवंगेत दिसला, पाटलांच्या सुनेच्या मंगळसूत्रात तर ‘पावसाळी’ दिसला. आधी संशय साबणावर गेला. हिऱ्याला तेल-तूप चटकन धरतं आणि साबणाचा थर बसून तेज मरतं, हे खरं आहे. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ दातब्रश, असा उपाय काकांनी घरोघर सांगितला. गावात ब्रश संपले. ढग हलेनात. मग संशय शेठजींवर गेला. एका वहिनींनी काकांच्या शब्दावर अंगठी नेऊन तोट्यात बदलून आणली. बदललेलीतही ढग निघाला.

शेवटी काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला अडखळले तेव्हा त्यांच्या मुलाने त्यांना इंदूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, असा मोतीबिंदू असला की सगळं धूसर आणि पिवळसर दिसतं. काकांनी विचारलं, ‘‘किती पिवळसर? के की एल?’’

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. जग निळसर-पांढरं झालेलं. समोर परिचारिका थेंब घालायला वाकली होती, तिच्या नाकात चमकी. काका ओरडले, ‘‘डी कलर! फ्लॉलेस!’’ ती बिचारी दचकली. चमकी अमेरिकन डायमंडची होती, सराफ्याच्या फुटपाथवरची.

घरी आल्यावर काकांनी प्रामाणिकपणाची कमाल केली. वही काढली, त्या काळात ज्यांचे हिरे उतरवले होते त्यांची यादी केली आणि घरोघर जाऊन प्रत्येकाला वरची प्रत बहाल केली. आत्याची अंगठी के वरून एच वर आली, डॉक्टरीणबाईंच्या लवंगेतला ढग ओसरला. लोकांनी चहा दिला. त्या वहिनींनी मात्र आतून कडी काढली नाही.

आता त्यांची नजर पूर्वीहून धारदार आहे, आणि नेमकं याच वेळी काळाने त्यांच्याशी वैर धरलं. पुण्याला कंपनीत असलेल्या त्यांच्या पुतण्याने आपल्या नियोजित वधूसाठी अंगठी आणली. दीड कॅरटचा गोल हिरा. काकांनी आयग्लास लावली. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. उजवीकडून, डावीकडून, पालथा. मग ते म्हणाले, ‘‘यात काही सापडत नाही.’’

‘‘सापडणार नाही काका,’’ पुतण्या म्हणाला, ‘‘ई कलर, व्हीव्हीएस-वन. लॅब-ग्रोन आहे.’’

‘‘म्हणजे नकली.’’

‘‘नकली कसा? तोच कार्बन, तेवढाच कठीण. वाफ उडते, पेन वाजतं. जून २०२३ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी जिल बायडनना साडेसात कॅरटचा दिला तो असाच, सुरतेत बनवलेला.’’

हे काकांना ठाऊक नव्हतं असं नाही. मिथेन वायूतून थरावर थर चढवून हिरा वाढवतात, नाहीतर प्रचंड दाब आणि उष्णता देऊन. भिंगातून तो ओळखू येत नाही, प्रयोगशाळेतली यंत्रंच लागतात, हे सगळं त्यांनीच आम्हाला डबल चौकीला सांगितलं होतं. दाबाबद्दल तर त्यांना आपुलकीच होती. पण तो प्रत्यक्ष तळहातावर येऊन बसेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पुतण्याने किंमत सांगितली. खाणीतल्या तेवढ्याच हिऱ्याच्या किमतीत अशा कितीतरी अंगठ्या आल्या असत्या. काका ऐकत राहिले. ज्यात पीस आहे, टिंब आहे, काळा डाग आहे तो महाग. आणि ज्यात औषधालाही दोष नाही तो स्वस्त. मग इतकी वर्षं त्यांनी जे शोधलं ते काय होतं? त्यांनी आयग्लास मिटून खिशात ठेवली आणि रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशीही तेच. गवार आली, शेंग मोडली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून नुसते बसले होते. काकू बाहेर आल्या, त्यांनी दोन्ही कानांतल्या कुड्या काढल्या आणि स्टीलच्या वाटीत टाकून त्यांच्यापुढे ठेवल्या.

‘‘घ्या,’’ म्हणाल्या, ‘‘यात असतील भरपूर.’’

काका उभेच राहिले. मग कागद आला, पन्हळ झाली, वही आली. पहिल्या खड्याला भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘‘पीस! मोठं पीस आहे!’’ दुसऱ्यात कावळ्याच्या पावलासारखी भेग; जुन्या ग्रंथांत त्याला काकपद म्हणतात आणि फार अशुभ मानतात. काका इतके खूष झाले की त्यांनी ते मला दोनदा दाखवलं. तिसरा पिवळट, चौथ्याचा टवका उडालेला, पाचव्यात काळा डाग. एकेक दोष ते मोठ्याने सांगत होते, मी लिहीत होतो, काकू धान्य निवडत होत्या. एक कुडी संपली. दुसरीचा मधला खडा झाला, भोवतीचे दोन झाले. तिसऱ्यावर ते थांबले. भिंग काढून पुसलं, पुन्हा लावलं. पैलूंच्या कडा झिजून गोल झालेल्या, आणि आत एक वाटोळा बुडबुडा. मलाही दिसला. असा बुडबुडा कशात असतो हे डबल चौकीला ज्याने ऐकलंय त्याला सांगावं लागत नाही.

काकांनी एकदा काकूंकडे बघितलं आणि वही मिटली. ‘‘उजेड कमी झाला,’’ ते म्हणाले. ‘‘उरलेलं उद्या.’’

दुपारचे साडेबारा वाजले होते. अंगणात पाय भाजत होते.

‘‘तो काचेचा आहे,’’ काकू सूप पाखडत म्हणाल्या. ‘‘लग्नानंतरच्या पहिल्या सोमवतीला नेमावरला गेलो होतो ना स्नानाला, तेव्हा घाटावर खडा निखळून पाण्यात गेला. सासूबाईंनी कन्नौदच्या सोनाराकडून हा बसवून घेतला.’’

‘‘मला सांगितलं नाहीस?’’

‘‘त्यांनीच सांगितलं, याला बोलू नकोस, हा नर्मदा उपसायला लावील.’’

काका बराच वेळ गप्प होते.

‘‘आणि नाहीतरी,’’ काकू म्हणाल्या, ‘‘तुमचा तो वराहमिहिर म्हणतो ना, चांगला असला तर तरंगतो. हा गेला की तळाला.’’

‘‘अगं, तो चुकला होता, तुला सांगितलं नव्हतं का मी?’’ काका म्हणाले आणि त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं. वर ‘नेमावर’ लिहिलं, बाण काढला आणि खाली ‘पुनासा जलाशय’ लिहिलं. ‘‘घनता साडेतीन, वजन समज दहा सेंट. तेव्हा धरण नव्हतं, म्हणजे प्रवाह होता. कुठला महिना गं? आणि घाटाच्या कितव्या पायरीवर उभी होतीस?’’